कॉकपिटमधलं ऊन अडवायचं कुठे?

छोटी विमानं उडवणाऱ्यांच्या यावेळच्या पत्रांमध्ये इंजिन नाही, रेडिओ नाही, परीक्षा नाही, सगळ्यांना ऊन लागलंय. बरेचसे प्रश्न एकसारखे होते म्हणून त्यातले सहा निवडलेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, त्याला इलाज नाही, कारण खरी गोम तिथेच आहे.

प्रश्न: ताई, आम्ही चौघांनी मिळून एक जुनं चार सीटचं हाय-विंग (पंख छतावर असलेलं) विमान घेतलंय. हँगर मिळत नाही त्यामुळे उघड्यावरच बांधून ठेवतो. दुपारी दार उघडलं की भट्टीत तोंड घातल्यासारखं होतं. एक पार्टनर म्हणतो कारचं घडीचं चंदेरी सनशेड आणून लाव, झालं काम. दुसरा म्हणतो बाहेरून कव्हरच पाहिजे. आतून काही लावलं तर काच खराब होते असंही कोणीतरी सांगितलं. नक्की काय घ्यायचं?

उत्तर: आधी तो 'काच' शब्द डोक्यातून काढा, कारण तुमच्या विमानाला काच नाहीये. छोट्या विमानांची विंडशील्ड बहुतेक वेळा ऍक्रिलिकची असते, म्हणजे प्लास्टिक, आणि अर्धे घोळ आपण तिला कारच्या काचेसारखं वागवतो म्हणून होतात. ऍक्रिलिकमधून डोळ्याला दिसणारा प्रकाश साधारण 92 टक्के आत येतो, तो डॅशबोर्डवर, सीटवर पडतो, त्या वस्तू तापतात आणि मग त्या जी उष्णता बाहेर टाकतात ती मात्र ऍक्रिलिकमधून परत बाहेर जात नाही. म्हणजे आत येताना दार उघडं आणि जाताना कुलूप. भट्टी होते ती अशी.

आता यावरून तुमच्या दोन्ही पार्टनरचं भांडण मिटवता येतं. कव्हर बाहेरून असेल तर ऊन ऍक्रिलिकला लागायच्या आधीच थांबतं, विंडशील्डसुद्धा सावलीत राहते. आतल्या सनशेडला ऊन भेटतं ते आत आल्यावर, त्यातलं बरंचसं ते उलट बाहेर फेकतं पण थोडं स्वतः शोषून घेतं आणि विंडशील्ड आणि सनशेडच्या मधली हवा चांगलीच तापते. पण सीट, पॅनल, रेडिओ हे सगळं तरी सावलीत राहतं, आणि ही काही छोटी गोष्ट नाही. दिवसेंदिवस उघड्यावर उभं राहणार असेल तर बाहेरचं कव्हर घ्या. कुठेतरी उतरून दोन-तीन तास थांबणार असाल तर आतलं सनशेड पुरतं, कारण दोन मिनिटात लागतं, दोन मिनिटात निघतं, आणि जे लावायला कंटाळा येत नाही तेच माणूस रोज लावतो. माझ्या मते दोन्ही असावीत. पण एकच घ्यायचं तर तुमच्यासारख्यांनी कव्हर.

कव्हर घेताना मात्र कापड किती जाड आहे यापेक्षा आतलं अस्तर बघा. ते मऊ पाहिजे, आणि कव्हर अंगाला घट्ट बसलं पाहिजे, कारण सैल कव्हर वाऱ्यावर फडफडतं आणि त्याच्याखाली अडकलेली धूळ दिवसभर विंडशील्डवर सँडपेपरसारखी घासत राहते, उन्हापासून वाचवायला गेलो आणि ओरखड्यांनी आंधळी झाली असं होतं. (मी बघितलेली सगळ्यात खराब विंडशील्ड कव्हर असलेल्या विमानाचीच होती.) म्हणून कव्हर चढवण्याआधी धूळ पाण्याने धुवायची, कोरड्या फडक्याने पुसायची नाही. पोटाखालून जाणारे पट्टे आणि बकल बॉडीवर आपटणार नाहीत असे बघा, आणि पाऊस पडून गेला की कव्हर उघडून वाळवा, ओलं कापड दिवसेंदिवस गुंडाळून ठेवलं तर ओल आत अडकते.

आतलं सनशेड घेताना तुमच्याच मॉडेलच्या मापाचं कापलेलं मिळालं तर उत्तम. चंदेरी बाजू बाहेर. ते विंडशील्डला दाबून चिकटवू नका, थोडी फट राहू द्या. काच खराब होते म्हणतात त्यात तथ्य एवढंच की ऍक्रिलिक साधारण 100 अंशाच्या आसपास मऊ व्हायला लागतं, तिथपर्यंत गोष्ट सहसा जात नाही, पण सतत गरम राहणं, त्यात ताण आणि त्यात चुकीचं केमिकल असं तिन्ही जमून आलं की त्यात केसासारख्या बारीक चिरा पडतात, त्याला क्रेझिंग म्हणतात. समोरून बघितलं तर दिसत नाहीत, ऊन समोरून आलं की अख्खी विंडशील्ड चमकायला लागते. अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे हा त्यातला मुख्य गुन्हेगार. घरातला तो स्प्रे विमानाजवळ आणूच नका. साधं पाणी, सौम्य साबण, स्वच्छ मऊ फडकं, आणि हात वर-खाली, गोल गोल नाही.

सक्शन कप टाळा. पारदर्शक कप भिंगासारखं काम करतो, ऊन एका ठिकाणी गोळा होतं आणि तिथे डाग पडू शकतो, शिवाय कपाखाली धूळ असली की गोल ओरखडा ठरलेला. वेल्क्रोचं किंवा व्हायजरमागे (डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून वर असते त्या झडपेमागे) खोचून बसणारं सनशेड बरं.

आणि कारचं ते घडीचं, गोल होऊन पिशवीत बसणारं सनशेड. त्याच्या कडेला स्प्रिंग स्टीलची तार असते. ते काढून तुम्ही ठेवणार कुठे, तर डॅशबोर्डवर नाहीतर मागच्या सीटवर. डॅशबोर्डवर ठेवलं तर वर लटकलेला चुंबकी कंपास भरकटू शकतो. चुंबकाने चिकटणाऱ्या पडद्यांचंही तेच. विश्वास नसेल तर इंजिन बंद असताना ते कंपासजवळ नेऊन बघा, सुई हलते का ते डोळ्यांना दिसेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगते, कारण तुमच्यापैकी कोणीतरी उद्या बबल कॅनपीवालं (डोक्यावर बुडबुड्यासारखं पारदर्शक झाकण असलेलं) विमान किंवा ग्लायडर उडवेल. तसली कॅनपी उघडी टाकून चहाला जाऊ नका. वळणदार प्लास्टिक ऊन गोळा करून कॉकपिटमध्ये एका ठिकाणी पाडतं आणि सीट, हेडरेस्ट जळाल्याच्या घटना ग्लायडरवाल्यांना चांगल्या माहीत आहेत. बंद करायची आणि झाकायची.

प्रश्न: कारच्या खिडक्यांना लावतात तशी काळी फिल्म विमानाच्या विंडशील्डला लावली तर? एकदाच लावायची, कायमची कटकट गेली.

उत्तर: नाही. तुमचं विमान सर्टिफाय झालेलं असेल तर विंडशील्डला कायमचं काही चिकटवणं म्हणजे विमानात बदल करणं, त्याला मंजुरी लागते, मेकॅनिकची सही लागते. अमेरिकेत छोट्या विमानांसाठी नियमांचा जो पार्ट 23 आहे त्यात 2017 मध्ये नियम नव्याने लिहिले जाईपर्यंत स्पष्ट आकडा होता, विंडशील्डमधून आणि पायलटच्या पाठीच्या पुढे येणाऱ्या बाजूच्या खिडक्यांमधून किमान 70 टक्के प्रकाश आत आला पाहिजे. तो आकडा लक्षात ठेवा, कारण त्यामागचा विचार साधा आहे, दुपारी छान वाटणारी काळी फिल्म संध्याकाळी धुरकट हवेत समोरचं विमान गिळून टाकते, आणि गॉगल काढता येतो तशी फिल्म काढता येत नाही. शिवाय ऍक्रिलिकवर फिल्मला फुगे येतात, आणि फिल्मचा गोंद ऍक्रिलिकला मानवेलच असं नाही.

मागच्या सीटवर मुलं बसत असतील तर त्यांच्या खिडकीला गोंदाशिवाय चिकटणारी, सोलून काढता येणारी पातळ फिल्म चालते. पायलटच्या बाजूच्या खिडकीला लावलीत तर आरपार दिसणारीच आणि एका हाताने ओढून काढता येईल अशी, आणि सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्यासाठी विमानतळाभोवती घालतात त्या फेऱ्यात, शिरायच्या आधी काढायची. विंडशील्डसाठी रंगीत पारदर्शक प्लास्टिकचं, दांडीवर फिरणारं व्हायजर मिळतं, तुमच्या मॉडेलसाठी मंजूर असलेलं घ्या. तो खर्च मला पटतो, कारण ऊन जिथे आहे तेवढंच झाकता येतं आणि बाकी आकाश मोकळं राहतं.

प्रश्न: मॅडम, मी पीपीएल (खासगी पायलटचं लायसन्स) करतोय, उड्डाणाचे 14 तास झालेत. दुकानदाराने पोलराइज्ड गॉगल दिला, म्हणाला पायलट लोक हाच घेतात. पण आमच्या ट्रेनिंगच्या विमानात ग्लास कॉकपिट (काट्यांच्या डायलऐवजी स्क्रीन) आहे आणि मान थोडी वाकडी केली की स्क्रीन चक्क काळी होते. माझा गॉगल खराब आहे की स्क्रीन?

उत्तर: दोन्ही ठणठणीत आहेत, खराब आहे तो सल्ला. एलसीडी स्क्रीनमधून येणारा प्रकाश आधीच पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो, तुझा गॉगलही एकाच दिशेचा प्रकाश आत सोडतो, दोघांच्या दिशा आडव्या झाल्या की अंधार. त्यात विंडशील्डच्या प्लास्टिकमध्ये जिथे ताण असतो तिथे या गॉगलमधून इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात ते वेगळंच. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की लांबच्या विमानाच्या पंखावरून जी चमक येते, जिच्यामुळे ते आपल्याला पहिल्यांदा दिसतं, तीच चमक हा गॉगल मारून टाकतो. मासे पकडायला चांगला आहे, पाण्यावरची चमक घालवतो. तुला चमक हवी आहे.

मग कसला घ्यायचा? अमेरिकेची एफएए (तिथली विमान वाहतुकीची सरकारी संस्था) पायलटना सांगते की गॉगलमधून साधारण 15 टक्के प्रकाश आत आला पाहिजे आणि रंग राखाडी, राखाडी-हिरवा नाहीतर तपकिरी असावा. गॉगलच्या दांडीवर 0 ते 4 अशी कॅटेगरी लिहिलेली असते, 3 नंबर म्हणजे 8 ते 18 टक्के, 2 नंबर म्हणजे 18 ते 43. तू 2 नाहीतर 3 घे. 4 नंबर बर्फाच्या डोंगरावर ठीक, कॉकपिटमध्ये पॅनल वाचताच येणार नाही. वर गडद आणि खाली फिकट होत जाणारी लेन्स मला स्वतःला आवडते, बाहेर बघताना गडद, खाली इन्स्ट्रुमेंटकडे बघताना फिकट. पिवळ्या-केशरी लेन्सने सगळं ठसठशीत दिसतं म्हणून लोक फिदा होतात पण रंग बदलतात, आणि पायलटला लाल-हिरवे दिवे ओळखायचे असतात. उन्हात आपोआप गडद होणाऱ्या लेन्सबद्दल दोन पत्रं आलीत, त्यांनाही इथेच सांगते. त्या अल्ट्राव्हायोलेटमुळे गडद होतात, विंडशील्ड त्यातला बराच भाग अडवते त्यामुळे पाहिजे तेव्हा पुरेशा गडद होत नाहीत, आणि झाल्याच तर ढगाखाली शिरल्यावर लगेच फिक्या होत नाहीत.

दांड्या बारीक घे. जाड दांडी हेडसेटच्या गादीखाली फट करते, मग आवाज आत येतो आणि तासाभरात कानामागे अशी कळ लागते की लँडिंगपेक्षा गॉगल काढायची घाई होते. नंबरचा चष्मा असेल तर नंबरचाच गॉगल कर आणि साधा चष्मा हाताशी ठेव, सूर्य ढगामागे गेला की लागतोच.

प्रश्न: प्लास्टिकची विंडशील्ड ऊन अडवते तर सनस्क्रीन कशाला लावायचं? माझा डावा हात उजव्यापेक्षा काळा का झालाय मग?

उत्तर: तुमच्या दुसऱ्या वाक्यात पहिल्याचं उत्तर आहे. त्वचा भाजून लाल करणारे यूव्हीबी किरण, म्हणजे 315 नॅनोमीटरच्या खालचे, विंडशील्ड जवळजवळ सगळे अडवते, म्हणून भाजत नाही आणि आपल्याला वाटतं काही होत नाहीये. 315 ते 400 मधले यूव्हीए किती अडतील ते त्या त्या विंडशील्डवर आहे, काही बरेच अडवतात, काही भरपूर आत सोडतात. डाव्या सीटवर बसणाऱ्याचा डावा हात खिडकीला, म्हणून तो काळा.

वर गेलं की अल्ट्राव्हायोलेट वाढतं, दर 1000 मीटरला साधारण 10 टक्के, आणि खाली पांढरे ढग किंवा बर्फ असेल तर खालूनही येतं, ताजं बर्फ 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतं. 2015 मध्ये जामा डर्मटॉलॉजी या त्वचारोगांच्या जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता, टीबीएम 850 या टर्बोप्रॉपच्या कॉकपिटमध्ये यूव्हीए मोजलं, तर 30,000 फुटांवर 56.6 मिनिटांत जेवढं मिळालं तेवढं टॅनिंग बेडवर 20 मिनिटं झोपून मिळतं असं निघालं. त्याच लोकांनी आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिलं होतं की पायलट आणि केबिन क्रूमध्ये मेलानोमाचं (त्वचेच्या एका कॅन्सरचं) प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट दिसतं. आता घाबरून लायसन्स परत करू नका, तुम्ही 30,000 वर नाही 4,000 वर उडताय, आणि त्या दुप्पटमागे फक्त विंडशील्ड आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. पण लांब बाह्यांचा शर्ट घालायला काय जातंय? यूपीएफ 50 लिहिलेलं कापड फक्त पन्नासावा हिस्सा आत सोडतं आणि ते दोन तासांनी परत लावावं लागत नाही.

शर्ट गडद रंगाचा घाला. पांढरा थंड असतो हे खरं, पण तो विंडशील्डमध्ये दिसतो, म्हणजे तुम्ही ट्रॅफिक (इतर विमानं) शोधताय आणि समोर स्वतःचंच पोट. डॅशबोर्डचा वरचा भाग काळा आणि मॅट असतो तो याचसाठी. मी एकदा पांढरं नी-बोर्ड (मांडीवर बांधायची लिहायची पाटी) डॅशबोर्डवर ठेवून फायनलला, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, आले होते आणि अख्खा रनवे त्या पांढऱ्या चौकोनामागे गेला होता, तेव्हापासून तिथे कागदाचा तुकडाही ठेवत नाही.

क्रीम लावायचं तर ब्रॉड स्पेक्ट्रम, एसपीएफ 30 किंवा वर, घरून निघतानाच, आणि मग हात धुवा. क्रीमचे हात विंडशील्डला लागले की डाग पडतो आणि तो पुसण्याच्या नादात ओरखडे. डासांचं डीट असलेलं औषध तर प्लास्टिक सरळ खातं. ऑक्सिजन वापरणार असाल तर तोंडाला, ओठांना तेलकट किंवा पेट्रोलियमवालं काही नको, शुद्ध ऑक्सिजन आणि तेल यांचं जमत नाही, पेट घेतं.

प्रश्न: टॅबलेट तापून बंद पडतो, बरोबर लागतो तेव्हाच. उपाय?

उत्तर: आयपॅड 0 ते 35 अंश हवेत चालवायचा असं कंपनीच सांगते, तुमचं कॉकपिट टॅक्सी करतानाच त्याच्या वर गेलेलं असतं. विंडशील्डवर लटकवू नका, मांडीवर किंवा योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) सावलीत घ्या, जाड केस काढा, ब्राइटनेस कमी करा, उड्डाणात चार्जिंगला लावून ठेवू नका, हवेच्या झोताची दिशा त्याच्या पाठीवर करा. उभ्या विमानात ठेवून जाऊ नका. आणि कागदाचा नकाशा सोबत ठेवा, तो तापून बंद पडत नाही.

प्रश्न: संध्याकाळी परत येताना सूर्य बरोबर रनवेच्या टोकावर असतो. व्हायजर खाली घेतला तर रनवे झाकला जातो, वर केला तर काही दिसत नाही. आणि टोपी घातलेली चालेल का? इन्स्ट्रक्टर ओरडतात.

उत्तर: क्षितिजाजवळच्या सूर्याला कुठलंच सनशेड पुरत नाही, कारण तुम्हाला बघायचं आहे तिथेच तो बसलाय. तिथे वेळ आणि दिशा बदलणं एवढंच हातात आहे. वारा कमी असेल तर दुसऱ्या बाजूचा रनवे मागा, तो सोयीचा आहे का एवढं बघून. निघतानाच हिशोब करा. हात लांब करून बोटं आडवी धरली तर क्षितिज आणि सूर्य यांच्यात जितकी बोटं बसतात तितके पाव तास सूर्यास्ताला आहेत, चार बोटं म्हणजे साधारण तास. दोन बोटांच्या खाली सूर्य असताना त्याच्याकडे तोंड करून उतरायची वेळ येणार असेल तर अर्धा तास आधी निघा नाहीतर सूर्य मावळल्यावर उतरा, रात्रीचं रेटिंग आणि दिवे असतील तर. फायनलला रनवे गायब झाला की गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर, 'आता दिसेल मग दिसेल' करत खाली जायचं नाही. आणि विंडशील्ड स्वच्छ ठेवा, दुपारी न दिसणारा एकेक ओरखडा आणि मेलेला किडा त्या वेळी दिव्यासारखा पेटतो.

सूर्य समोर आणि प्रॉपेलर हळू फिरत असेल तर डोळ्यांसमोर लुकलुक होते, ती सेकंदाला 4 ते 20 वेळा या टप्प्यात आली की काही लोकांना गरगरतं, मळमळतं. दोन पात्यांचा प्रॉपेलर 2400 आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) सेकंदाला 80 वेळा सूर्य कापतो, तेव्हा काही जाणवत नाही, पण 600 ला 20 वेळा. म्हणजे हा त्रास मुख्यतः जमिनीवर, आयडलला (इंजिन नुसतं हळू चालू असताना). आरपीएम थोडं बदला किंवा नाक जरा वळवा, लगेच थांबतं.

टोपी चालते, इन्स्ट्रक्टर ओरडतात ते टोपीच्या पुढच्या लांब झापेला. वळताना वरचा, ज्या बाजूला वळताय तिकडचा आकाशाचा तुकडा त्या झापेमागे जातो आणि ट्रॅफिक नेमकं तिथून येतं. आखूड झापेची घ्या आणि सर्किटमध्ये ती मागे फिरवा. टोपीच्या डोक्यावर मधोमध कापडी बटण असतं ते आधी कापून टाका, हेडसेटचा पट्टा बरोबर त्याच्यावर बसतो, पहिली दहा मिनिटं काही वाटत नाही आणि मग दीड तास कोणीतरी टाळूत खिळा ठोकतंय असं वाटतं.